फाइलवर नाव तिचंच

आमच्या फाइलवर माझं नाव दुसऱ्या ओळीत होतं. पहिल्या ओळीत बायकोचं नाव, वय, वजन, पाळी किती दिवसांनी येते, शेवटची कधी आली. दुसऱ्या ओळीत 'पतीचे नाव' आणि वय. संपलं. पुढच्या चौदा महिन्यांत त्या फाइलीला तिचे थायरॉइडचे कागद लागले, बीजांचा साठा किती उरला ते सांगणाऱ्या एएमएच या रक्तचाचणीचा अहवाल लागला, सोनोग्राफीत मोजलेल्या बीजांची मापं लागली, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघणाऱ्या एक्स-रेची काळी फिल्म लागली. त्या एक्स-रेच्या टेबलावरून ती उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी बाहेर बाकड्यावर पाण्याची बाटली धरून बसलो होतो. माझ्या समजुतीप्रमाणे मी चांगला नवरा होतो.

माझा कागद लागला पंधराव्या महिन्यात. तोही आम्ही डॉक्टर बदलले म्हणून. नव्या बाईंनी फाइल मागून पुढे अशी चाळली आणि मान वर न करता विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?"

मला तोवर सुचलंच नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नव्हे. सुचलं होतं. एका रात्री मोबाइलवर 'पुरुष वंध्यत्व' एवढं टाइप करून मी पुसूनही टाकलं होतं. पण आधीच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, घरात कुणी विचारणार नव्हतं, मग आपण होऊन कशाला विषय काढा? तिला दर महिन्याला सुया टोचल्या जात होत्या आणि मला माझ्या न कळण्याची मस्त ऊब मिळत होती.

म्हणून 'पुरुषांमध्ये प्रजनन आरोग्याविषयी जागरूकतेचा अभाव आहे' हे ठरीव वाक्य वाचलं की मला ते अर्धवट वाटतं. अभाव आहेच. पण हे अज्ञान काही बिचारं नसतं. आपण ते जपून ठेवलेलं असतं आणि त्याचं भाडं भलतंच कुणी भरत असतं. पोस्टरं लावून, व्याख्यानं झोडून ते जाणार नाही. त्यासाठी पद्धत बदलावी लागेल आणि बदल तसा छोटा आहे: रक्ताच्या साध्या चाचण्या वगळता, पुरुषाच्या वीर्यतपासणीचा अहवाल फाइलीला लागल्याशिवाय मूल होण्यासाठी म्हणून बाईच्या शरीरात सुई, नळी किंवा दुर्बीण जाऊ नये. डॉक्टरांनी ते विनंती म्हणून सांगू नये, कामाचा क्रम म्हणून सांगावं. रक्तगट विचारतात तसं.

यात क्रांतिकारक काही नाही. वर्षभर नियमित आणि कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणावं, ही वैद्यकातली रूढ व्याख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या अनुभवातून जावं लागतं. आणि अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही तरी कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीने. म्हणजे नाणं उडवल्यासारखी स्थिती. अशा वेळी आधी कुणाला तपासावं? एकीकडे गर्भाशयात नळी घालून औषध सोडायचं, भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची. दुसरीकडे एक डबी आणि अर्धा तास. कुठलाही हिशेबी माणूस डबीपासून सुरुवात करील. तरी अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं की वंध्यत्वासाठी उपचार घेतलेल्या जोडप्यांपैकी २७ टक्के ठिकाणी पुरुषाची तपासणी झालेलीच नव्हती. जिथे प्रयोगशाळांना तोटा नाही, तिथली ही गोष्ट.

गंमत अशी, की विज्ञानाने आधी पाहिला तो पुरुषाचाच वाटा. डेल्फ्ट शहरात सूक्ष्मदर्शकं बनवणाऱ्या आंतोनी फान लेवेनहूकने १६७७ साली वीर्यात वळवळणारे शुक्रजंतू पाहिले. सस्तन प्राण्याचं बीजांड प्रत्यक्ष दिसायला त्यानंतर दीडशे वर्षं जावी लागली, १८२७पर्यंत. पण लेवेनहूकलाही लाज सुटली नव्हती. लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात त्याने खुलासा केला की हा नमुना वैवाहिक संबंधानंतरचा आहे, पापाने मिळवलेला नाही. आणि विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावं. साडेतीनशे वर्षांनी मी नमुन्याची डबी कागदी पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल कोटाच्या आतल्या खिशात घालून चाललो होतो, तेव्हा त्या गृहस्थाच्या फार पुढे गेलो होतो असं म्हणवत नाही. (डबी अंगाजवळ ठेवायची असते ती लाजेसाठी नव्हे. थंडी लागली की शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. पण ते मला नंतर कळलं.)

आपली भाषाही या कामी तत्परतेने मदत करते. 'तिला दिवस जात नाहीत.' 'तिची कूस उजवत नाही.' वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण हे सोडाच, नवरा त्या वाक्यात पाहुणा म्हणूनही नाही. 'वांझ' शब्द बाईला, गाईला, फार तर जमिनीला लागतो. 'वांझोटी चर्चा' आपण खुशाल म्हणतो, पण 'वांझ पुरुष' म्हणताना जीभ अडखळते. पुरुषासाठी जे शब्द आहेत, नपुंसक, षंढ, ते वेगळ्याच गोष्टीबद्दल आहेत. लिंगाला ताठरता न येणं ही एक तक्रार. वीर्यात शुक्रजंतू कमी असणं किंवा नसणं ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, पण बहुतेकदा नसतात. शुक्रजंतू शून्य असलेल्या पुरुषाचं कामजीवन ठणठणीत असू शकतं आणि बहुधा असतंच. वीर्याच्या एकूण मात्रेत शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम काही टक्के; बाकीचा बहुतेक द्रव शुक्राशयातून आणि प्रोस्टेटमधून येतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघून, घट्ट आहे की पातळ यावरून, त्यात जीव आहे की नाही हे कुणालाही सांगता येत नाही. नसबंदीनंतरही वीर्य जवळपास तेवढंच येतं ते याच कारणाने. पण आपल्याकडे दोन तक्रारींना मिळून एकच शिवी आहे. मग तपासणीचं नाव काढलं की पुरुषाला ऐकू येते ती शिवी.

पुरुषांना नेमकं किती माहीत असतं? २०१६ साली कॅनडात ७०१ पुरुषांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. प्रजननक्षमतेला धोका पोचवणाऱ्या गोष्टींपैकी त्यांना साधारण निम्म्याच ओळखता आल्या. मला तर निम्म्याही आल्या नसत्या. सिगारेट वाईट, एवढं माहीत होतं, कारण ती सगळ्यालाच वाईट असते. वृषण शरीराबाहेर का असतात, हा प्रश्न मला वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत पडलेला नव्हता. शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान असेल तरच शुक्रजंतू नीट तयार होतात, म्हणून निसर्गाने हा कारखाना बाहेर काढला आहे. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर पिकून बाहेर पडण्याच्या प्रवासाचे आणखी काही. आज वीर्यात जे दिसतं त्याची पेरणी तीन महिन्यांपूर्वीची. मागच्या महिन्यात सणसणीत ताप येऊन गेला असेल तर आजचा अहवाल पडलेला दिसू शकतो. आणि आज दारू-सिगारेट सोडली तर तिचं फळ पुढच्या आठवड्यात मागू नये.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चक्रावून टाकलं ते टेस्टोस्टेरॉनने. पुरुषपणाचं संप्रेरक म्हणून त्याची ख्याती. व्यायामशाळेत दंड फुगवायला कुणी सुई घेतं, कुणाला चाळिशीनंतर 'उत्साह वाटावा' म्हणून मलम दिलं जातं. माझ्यासारख्या अडाण्याला वाटणार, याने शुक्रजंतू वाढतच असतील. होतं उलटं. मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच या दोन संप्रेरकांतून वृषणांना काम सांगत असते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की तिला वाटतं, माल भरपूर आहे, आता सांगायची गरज नाही. ती गप्प बसते. वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असावं लागतं, तरच शुक्रजंतू घडतात. ते आतलं उत्पादन बंद पडतं आणि रक्तात कितीही ओतलं तरी भरून येत नाही. दंड फुगतात, वृषण आकसतात. १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची दर आठवड्याची सुई चक्क गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू काही महिन्यांत शून्यावर आले. सुया थांबवल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवं म्हणून डॉक्टरांकडे येणाऱ्या, अंगापिंडाने पहिलवान दिसणाऱ्या माणसाला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. कुणी आणि कधी सांगणार? शाळेत मुलींना एका वर्गात बसवून पाळीबद्दल सांगतात आणि मुलांना तेवढा तास मैदानावर सोडतात. आम्हीही खूश होऊन खेळायला गेलो होतो.

त्या तासाला आम्हाला वर्गात ठेवलं असतं तर निदान एक गोष्ट सांगता आली असती. वृषणाला पीळ पडतो. बहुधा किशोरवयात, अचानक, असह्य दुखतं, उलट्या होतात. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेकदा वाचतं, पुढे ती शक्यता झपाट्याने घसरते. पण मुलगा म्हणतो, पोटात दुखतंय. कारण खरी जागा आईला सांगायची लाज आणि बापाशी त्या विषयावर कधी बोलणंच नाही. रात्र तशीच जाते. लाजेपायी एक अवयव जातो आणि त्याला आपण 'वय असतं तसं' म्हणतो.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप मला एका हुशार माणसाने घेतला. तो म्हणाला, "पुरुषाच्या तपासणीचं एवढं काय घेऊन बसलास? इक्सी आल्यापासून एक शुक्रजंतू पुरतो." मुद्दा फालतू नाही. १९७८ साली पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हाही शुक्रजंतू भरपूर लागत होते, त्यांनी बशीत का होईना, स्वतःच्या पायांनी बीजापर्यंत जायचं होतं. १९९२ साली ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू बारीक सुईने थेट बीजांडात सोडून गर्भ राहिल्याचं जाहीर केलं, हीच इक्सी, आणि पुरुष वंध्यत्वाचं चित्र पालटलं. ज्यांना पूर्वी 'दत्तक घ्या किंवा दात्याचं वीर्य घ्या' याखेरीज उत्तर नव्हतं, त्यांना स्वतःचं मूल होऊ लागलं. हे उपकार छोटे नाहीत.

पण इक्सी कुणाच्या शरीरावर होते ते बघा. दोष पुरुषाचा. आठ-दहा-बारा दिवस पोटात संप्रेरकांच्या सुया बाईला. बीजग्रंथी सुजण्याचा धोका बाईला. योनिमार्गातून सुई घालून बीजं काढणं बाईचं. पुरुषाने पुन्हा एकदा डबी द्यायची. त्याच्या आजारावर तिचा उपचार, असा हा वैद्यकातला जवळजवळ एकमेव प्रकार असावा. तो अटळ असेल तिथे जरूर करावा, आणि बाई तो राजीखुशीने करतही असेल. पण तो अटळ आहे की नाही हे कळणार कसं, पुरुषाला नीट तपासल्याशिवाय? वृषणांच्या शिरा फुगण्याचा दोष, व्हेरिकोसील, एकूण पुरुषांत साधारण १५ टक्क्यांना असतो आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० टक्क्यांना. तो बहुधा डावीकडे असतो, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्ताला वर चढायला जड जातं. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. पण हाताला लागणारी गाठोडी असेल आणि अहवालही कमी असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने पुष्कळांचा अहवाल सुधारतो. हे निदान करायला यंत्र लागत नाही. उभं करून, हाताने तपासायचं. मला कुणी उभं करून तपासलं ते पंधराव्या महिन्यानंतर, आणि त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

शिवाय वीर्याचा अहवाल फक्त मुलापुरता नसतो. सुमारे १ टक्का पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतूच नसतात. त्यांतल्या काहींचा मार्ग बंद असतो, काहींची वीर्यवाहिनी जन्मतःच नसते. ती नसणं फुप्फुसांच्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी जोडलेलं असतं, तेव्हा तपासणी न करता इक्सी उरकली तर तो प्रश्न पुढच्या पिढीत उतरू शकतो. काहींमध्ये एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात त्याला. दर सहाशेएक पुरुषांत एक, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. वृषणाचा कर्करोग तरुण वयात होणारा आहे आणि वीर्य सदोष असलेल्या पुरुषांत तो जास्त आढळतो. वेळेत सापडला तर उत्तम बरा होतो. 'एक शुक्रजंतू पुरतो' म्हणणारा डॉक्टर त्या पुरुषालाही अर्धवट सोडतो. बायकोची फाइल जाड होत जाते आणि नवऱ्याचा आजार कुठेच नोंदला जात नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. बाईचं वय पुढे सरकत असतं, पुरुष तयार होईपर्यंत थांबायचं का? नाही. म्हणूनच त्याच्या तयार होण्याचा प्रश्न मध्ये येऊ देऊ नये. पहिल्या भेटीत डबी हातात द्यावी, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना, आठवड्यात अहवाल. अहवाल बिघडलेला निघाला तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण वीर्य एका वेळेसारखं दुसऱ्या वेळी नसतं. थांबावं लागत असेल तर ते नवऱ्याच्या मनधरणीत लागतं, तपासणीत नाही.

आणि तिसरा आक्षेप, जो पुरुष तोंडाने घेत नाहीत: हे अपमानास्पद आहे. हा मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. त्या खोलीत मी गेलो आहे. खोली कसली, संडासाशेजारची अडगळ. कडी नीट बसत नव्हती. भिंतीवर 'नमुना पूर्ण द्यावा' असा कागद चिकटवलेला, बाहेर कुणीतरी मोठ्याने फोनवर बोलत होतं. अशा जागी हुकमावर शरीर साथ देईलच असं नाही, आणि मला पहिल्यांदा दिली नाही. बाहेर आलो तर खिडकीतला मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "झालं नाही का?" तो दुष्ट नव्हता, त्याला कुणी शिकवलं नव्हतं इतकंच. दुसऱ्या वेळी घरून नमुना नेला, तासाच्या आत पोचवायचा म्हणून पळत. तिथे मात्र एका तंत्रज्ञ बाईंनी फॉर्म भरताना शांतपणे विचारलं, "थोडंही सांडलं का? पहिला भाग सांडला असेल तर सांगा, सर्वांत जास्त शुक्रजंतू त्याच भागात असतात. तसं असेल तर परत घेऊ." एवढ्या एका प्रश्नाने ती गोष्ट रक्त-लघवीच्या पंगतीत जाऊन बसली. माझ्या मान-अपमानाशी तिचा संबंधच उरला नाही. तेव्हा पुरुषांना लाज सोडायला सांगण्याआधी दवाखान्यांनी कडी बसवावी, हे मान्य.

अहवाल कसा सांगावा यालाही शिक्षण लागतं. मी माझा गाडीत बसून एकट्याने वाचला. 'एका मिलिलिटरला ४० लाख.' आकडा मोठा वाटला, हायसं वाटलं. मग शेजारी कंसात किमान मर्यादा दिसली: १ कोटी ६० लाख. पोटात गोळा आला. ही मर्यादा परीक्षेतल्या पस्तीस गुणांसारखी नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभराच्या आत बाप झालेल्या पुरुषांचे नमुने मोजून, त्यांतल्या खालच्या ५ टक्क्यांपाशी ती रेघ मारली आहे. म्हणजे बाप झालेल्यांतलेही काही त्या रेघेखाली होते, आणि रेघेच्या वर असणाऱ्या सगळ्यांना मूल होतंच असंही नाही. संख्या, हालचाल, आकार हे सारं एकत्र वाचायचं असतं. आकाराचं तर नवल आहे: १०० पैकी ४ नीट आकाराचे असले तरी चालतं. निसर्ग इतका उधळ्या कारागीर आहे हे आधी माहीत असतं तर '९४ टक्के सदोष' वाचून मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं नसतं.

'जगभर शुक्रजंतू निम्म्यावर' या मथळ्यांचाही मला कंटाळा येतो. २०१७ आणि २०२२ साली हगाई लेविन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून १९७३पासून निम्म्याहून जास्त घट दाखवली. मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या, निवडलेले पुरुष वेगळे होते, म्हणून त्यावर वादही आहे. वाद तज्ज्ञांनी जरूर घालावा. पण त्या बातमीने एकही पुरुष तपासणीला जात नाही. सगळ्यांचंच घटतंय म्हटल्यावर माझं एकट्याचं काय, म्हणून तो पान उलटतो.

बाईवर भार टाकायची ही सवय मूल नको असतानाही सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९च्या आकडेवारीत जगातल्या सुमारे २२ कोटी स्त्रिया मूल नको म्हणून नसबंदीच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून होत्या. पुरुष नसबंदी, जी सोपी आहे, पोट उघडावं लागत नाही, ती याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. १९९४ साली कैरोच्या लोकसंख्या आणि विकास परिषदेत १७९ देशांनी पुरुषांच्या जबाबदारीवर एक अख्खा भाग लिहून मान्य केला होता. लिहायला आपण कधीच कमी पडत नाही.

लाजेबद्दल एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला मला सर्वांत जड जातं. माझा अहवाल आल्यावरही नातेवाइकांनी विचारलं की बायको म्हणायची, "माझ्या हॉर्मोन्सचा थोडा प्रॉब्लेम आहे." तिच्या हॉर्मोन्सना काहीही झालेलं नव्हतं. मी शेजारी बसून ऐकत असे. एकदा एक मावशी तिला बाजूला घेऊन उपास-तापास सांगत होत्या, ती माना डोलावत होती, आणि मी समोर वर्तमानपत्रात तोंड घातलं होतं. घरी येताना मी म्हटलं, "तू असं का सांगतेस?" ती म्हणाली, "तुला सांगता येणार होतं का?" मला उत्तर आलं नाही. हे आमच्याच घरात घडतं असं नाही. मी हा विषय बोलायला लागल्यापासून जेवढ्या पुरुषांशी बोललो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बायकांनी असंच पांघरूण घातलेलं निघालं. प्रेमाने घातलेलं असतं, म्हणून काढायला आणखी अवघड. वैद्यकीय क्रम बदला असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे. पहिल्याच दिवशी दोघांचे कागद शेजारी शेजारी लागले तर 'कुणाचा प्रॉब्लेम' हा प्रश्न घरी पोचण्याआधीच शिळा होतो.

आम्हाला पुढे मूल झालं की नाही, ते मी इथे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक त्यावरूनच निकाल लावून मोकळे होतात.

पुरुष एकमेकांशी बोलले तर काय होतं, याची एक खरी हकीकत मात्र सांगतो. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यात कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना अलीकडे मुलं होतच नाहीत. हट्टेकट्टे, कामाला वाघ असलेले लोक. दुखणं-खुपणं काही नाही, कामजीवनातही काही उणं नाही. काहींनी वीर्य तपासून घेतलं; कुणाकडे शुक्रजंतू नव्हतेच, कुणाकडे नावापुरते. कारण निघालं डीबीसीपी नावाचं, मुळांवरच्या सूत्रकृमींना मारणारं रसायन. उंदरांचे वृषण त्याने सुकतात हे १९६१ सालीच छापून आलं होतं. १९७९मध्ये अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. सोळा-सतरा वर्षं शास्त्रीय कागद कपाटात पडून होता आणि बाहेर आलं ते कामगारांनी एकमेकांना 'तुझ्याकडेही नाही?' असं विचारल्यावर. यांतला प्रत्येक जण आपल्या बायकोची फाइल घेऊन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जात राहिला असता, तर ते रसायन आणखी किती वर्षं चाललं असतं कोण जाणे.

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलला. क्रिकेट झालं, ऑफिस झालं. ठेवता ठेवता म्हणाला, "अरे, ते तू एकदा म्हणाला होतास ना, तपासणीचं. आधी किती दिवस थांबायचं असतं?" मी म्हटलं, दोन ते सात. तो 'बरं' म्हणाला. थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मग मी म्हटलं, "आणि हे बघ, पहिलं थोडं सांडलं तर लपवू नकोस. सांग तिथे." तो म्हणाला, "थांब, लिहून घेतो."